तिसऱ्या भागाचा नवस

दर डिसेंबरात वितरकाचा कागद येतो,
येत्या वर्षी काय काय लागणार त्याचा.
मी तो ट्रकच्या काचेला आतून चिकटवतो,
बुद्धाच्या ताइताशेजारी.
मागच्या खेपेचा असा होता:
एप्रिल, सोंग्क्रानची सुट्टी: शार्क.
जुलै: आठव्या मजल्यावरची भुताटकी.
ऑक्टोबर: दोन बहिणी, एक नूडलची गाडी, रडवणार म्हणे.
आणि पाच डिसेंबर, लाल शाईत,
एकहाती सेनापती, भाग तिसरा.

उदोनच्या मॉलमध्ये हे आधी लागतं, गार हवेत,
मऊ खुर्च्यांपुढे.
माझ्याकडे पोचायला वर्ष, दीड वर्ष.
चालतं. माझा प्रेक्षक घाईचा नाही.

तो राईत राहतो, गावाबाहेर,
लाकडी देवळीत, चार लाकडी हत्तींसोबत.
पू-ता म्हणतात. गावाचा राखणदार.
कुणाची म्हैस सापडते, कुणाला लॉटरी लागते,
कुणाचा पोरगा सैन्यभरतीच्या चिठ्ठीतून सुटतो,
की नवस फेडायला मला फोन.
बांबू रोवायचे, पडदा ताणायचा,
समोर एक लाल प्लास्टिकची खुर्ची,
तिच्यावर लाल सोड्याची बाटली, नळी खोचून.
माणसं आली तर आली.
नाही आली तरी शेवटच्या नावापर्यंत चालवायचं.
वडील म्हणायचे,
तो उठून गेला की बसलाय, तुला कसं कळणार?

त्या थंडीत दुसरा भाग दाखवला होता.
तलवार दातांत धरून सेनापती पुलावरून पडतो
आणि पाण्याला टेकायच्या आत सिनेमा संपतो.
दिवा लावला तर सोडा अर्धा.
मुंग्या, म्हणाला माझा पोऱ्या खाम्पुन.
असतील.

आठवड्यानं सायफिननं काचेवरचा कागद वाचला,
बोट फिरवत, दोनदा,
आणि सरळ राईत गेली. लग्नाला चौदा वर्षं.
नऊ उदबत्त्या लावून मोठ्यानं बोलली,
नवरा ऐकत असताना:
मूल दे. सेनापतीचं पुढे काय झालं
ते गावाआधी तुला दाखवीन,
लागेल त्याच दिवशी.

लागेल त्याच दिवशी!
बाई गं, मला विचारायचंस तरी.

पण त्यानं ऐकलं. त्यालाही बघायचंच असणार.
सप्टेंबरात मुलगी झाली, सव्वातीन किलोंची,
आणि ऑक्टोबरात दुसरा कागद, एका ओळीचा:
सेनापती पुढे ढकलला आहे, तारीख मागाहून.

मुलीला छातीशी धरून ती ट्रकपाशी आली.
आता राईत काय तोंड दाखवू?
वितरकाचा नंबर दे.
दिला. तिनं बँकॉकला फोन लावला, खरंच लावला,
आणि वीस मिनिटं त्यांचं संगीत ऐकलं.

मग आम्ही एक केलं.
ट्रेलर आला होता. दोन मिनिटं, अकरा सेकंद.
तेवढ्यासाठी सगळा मांडव: बांबू, पडदा, जनरेटर, खुर्ची.
हप्ता समज, मी राईकडे बघून म्हणालो,
मुद्दल बाकी आहे.
पाणी उसळतं. एक हात वर येतो.
कुणाचा, दाखवत नाहीत.
काळ्यावर अक्षरं: लवकरच.

राईत पानं हलली. वारा होता,
वारा मी धरत नाही.
मुलगी बघत होती
संपलेल्या, नुसत्या पांढऱ्या पडद्याकडे,
तोंड उघडं टाकून.
पुन्हा लाव, सायफिन म्हणाली.
सात वेळा लावला. डिझेलचा हिशेब खाम्पुननं मांडला,
मी तो पाहिला नाही.

आता पुन्हा डिसेंबर. नवा कागद काचेला.
सेनापतीपुढची जागा कोरी.
खाम्पुननं तिथे पेन्सिलीनं लिहिलंय: दात येईपर्यंत.
ते खोडून: चालायला लागेपर्यंत.
मी काही लिहीत नाही.
लाल सोड्याचा एक क्रेट तेवढा
आणून ठेवलाय सीटखाली.